इझेनहाइमचे वेदीचित्र: भुते, जखमा आणि संत अँथनी यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेदीचित्र म्हणजे काय, आणि या पानावर एकाच वेदीचित्राविषयी का लिहिले आहे?

चर्चमध्ये ज्या वेदीवर मिस्साबली अर्पण केला जातो, तिच्या मागे किंवा वर उभारलेल्या रंगवलेल्या अथवा कोरलेल्या फलकांना वेदीचित्र म्हणतात. मध्ययुगाच्या उत्तरार्धात उत्तर युरोपात ही चित्रे बहुधा लाकडी फळ्यांवर काढलेली असत आणि त्यांना बिजागऱ्यांवर फिरणारी दारे असत. भुते आणि यातना सोसणारे संत अशा शेकडो वेदीचित्रांत सापडतात, परंतु सगळ्यांचा धावता आढावा घेतला तर हाती नावांच्या यादीपलीकडे फारसे काही लागत नाही. म्हणून येथे मुख्यतः इझेनहाइमच्या एकाच वेदीचित्राबद्दल लिहिले आहे. हे चित्र ज्या मठासाठी तयार झाले तेथे रुग्णांची सेवा होत असे, त्यामुळे त्यातल्या भुतांकडे आणि जखमांकडे बघणारे डोळे कोणाचे होते हे आपल्याला बऱ्यापैकी ठाऊक आहे. इतर चित्रांबाबत अशी सोय क्वचितच असते.

ते कोणी आणि केव्हा काढले?

आज फ्रान्समध्ये असलेल्या अल्सास प्रांतात, कोलमार शहराच्या दक्षिणेला इझेनहाइम नावाचे गाव आहे. तेथील संत अँथनींच्या मठासाठी १५१२ ते १५१६ या काळात हे फलक रंगवले गेले. त्या वेळी मठाचे प्रमुख गुइदो ग्वेर्सी होते. मधल्या भागातील लाकडी मूर्ती त्यापूर्वीच्या असून त्या हागेनाऊच्या निकोलाउस या मूर्तिकाराच्या मानल्या जातात.

चित्रकार मथियास ग्रुनेवाल्ड या नावाने जगाला माहीत आहे, पण ते त्याचे नाव नव्हते. १६७५ साली योआखिम फॉन झांड्रार्ट या चरित्रकाराने गफलतीने ते त्याला चिकटवले आणि ते पुढे तसेच रूढ झाले. कागदपत्रांत तो माथिस गोटहार्ट किंवा निटहार्ट असा आढळतो. माइन्झच्या आर्चबिशपांच्या दरबारी त्याने काम केले आणि १५२८ मध्ये हाले येथे त्याचे निधन झाले. अल्ब्रेख्त ड्यूररही त्याच वर्षी वारला. ड्यूररविषयी आपल्याला पुष्कळ माहिती आहे, कारण तो स्वतःविषयी सतत लिहीत असे. माथिसने तसे काहीच मागे ठेवले नाही.

हे चित्र ‘उघडते’ म्हणजे नेमके काय होते?

आपल्या देवघराची दारे उघडल्यावर आतले देव दिसतात, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की येथे दारांच्या आत आणखी दारे आहेत. सगळी दारे मिटलेली असताना समोर क्रूसावरचा ख्रिस्त दिसतो, एका बाजूला संत सेबॅस्टियन व दुसऱ्या बाजूला संत अँथनी असतात आणि खालच्या आडव्या पट्टीवर ख्रिस्ताच्या मृतदेहाभोवतीचा विलाप रंगवलेला आहे. पहिली दारे उघडली की रंग एकदम उजळतात: मरियेला देवदूताचा निरोप, वाद्ये वाजवणारे देवदूत आणि बाळासह मरिया, आणि शेवटी पुनरुत्थान. त्याच्याही आतली दारे उघडली की मध्यभागी सिंहासनावर बसलेल्या संत अँथनींची सोनेरी मूर्ती, तिच्या दोन्ही बाजूंना संत ऑगस्टीन व संत जेरोम, आणि या मूर्तींच्या डाव्या-उजव्या हातांना दोन रंगीत फलक येतात. एका फलकात संत अँथनी वाळवंटात संत पॉल या वृद्ध तपस्व्याला भेटतात. दुसऱ्यात भुते त्यांना तुडवतात. बहुतेक वाचकांचे प्रश्न या दुसऱ्या फलकाविषयीच असतात.

भुते एका संताला मारत आहेत, यात भक्तिभाव कोठे आहे?

संत अँथनी हे इजिप्तचे. परंपरेनुसार त्यांचा जन्म सुमारे २५१ सालचा आणि मृत्यू ३५६ चा, म्हणजे शंभरी ओलांडल्यानंतरचा. आपला जमीनजुमला देऊन टाकून ते निर्जन प्रदेशात तप करू लागले. अलेक्झांड्रियाचे बिशप अथनेशियस यांनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्रात भुतांशी झालेल्या झुंजींची सविस्तर वर्णने आहेत. एका प्रसंगी भुतांनी त्यांना इतके बदडले की ते निपचित पडले. पुढे उजेड पसरला, भुते पळाली, तेव्हा त्यांनी विचारले की प्रभू, तू इतका वेळ कोठे होतास? उत्तर आले की मी येथेच होतो, तुझी झुंज पाहत होतो.

फलकाच्या उजव्या कोपऱ्यात, झाडाच्या एका खुंटावर कागदाचा चतकोर तुकडा रंगवलेला आहे. त्यावर लॅटिनमध्ये हाच प्रश्न आहे: कोठे होतास, भल्या येशू, कोठे होतास, माझ्या जखमा बऱ्या करायला तू का आला नाहीस? चित्रकाराने प्रश्न लिहिला आहे, उत्तर मात्र लिहिलेले नाही. फलकाच्या अगदी वर, प्रकाशाच्या झोतात ईश्वराची आकृती आहे खरी, पण खालच्या धुमश्चक्रीच्या मानाने ती इतकी लहान आहे की ती आधी कोणाच्या नजरेत भरत नाही. भक्तिभाव कोठे आहे असे कोणी विचारले तर माझे बोट त्या कागदाकडे जाते. तक्रार करणारा भक्त आपल्याला नवा नाही. विठ्ठलाशी भांडणारे अभंग ऐकत वाढलेल्या वाचकाला हा कागद समजावून सांगावा लागत नाही.

त्या फलकात काय काय दिसते?

फलक सुमारे २६५ सेंटिमीटर उंच आहे, त्यामुळे समोर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर थेट गर्दी येते. पांढऱ्या दाढीचे संत अँथनी उताणे पडलेले आहेत. एक भूत त्यांचे केस धरून ओढते आहे. चोच आणि कवच असलेला एक प्राणी त्यांच्या हाताला चावतो आहे. पक्ष्याचे डोके आणि माणसाचे हात असलेला एक दैत्य सोटा उगारून उभा आहे, आणि त्याचा पवित्रा धोब्याने कपडे आपटावेत तसा आहे, त्यात राग दिसत नाही. मागे त्यांची झोपडी मोडून पडली आहे आणि उरलेल्या वाशांवरही काळी भुते चढली आहेत. वर आकाशात देवदूत त्यांच्याशी लढत आहेत.

जवळून पाहिले की लक्षात येते, भुतांचा एकही अवयव पूर्णपणे काल्पनिक नाही. खवले माशाचे, चोच शिकारी पक्ष्याची, शिंगे हरणाची, ओला चिकट घसा बेडकाचा. प्रत्येक तुकडा निरखून काढलेला आहे, फक्त जोडणी चुकीची आहे. घृणा वाटते ती या जोडणीमुळे. निव्वळ विचित्र आकार काढले असते तर ते आज विनोदी दिसले असते, आणि त्या काळच्या कितीतरी चित्रांतली भुते तशी दिसतातही.

डाव्या कोपऱ्यातला पोट फुगलेला माणूस रुग्ण आहे की भूत?

या पानावरचा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. फलकाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात लाल टोपडे घातलेली एक उघडी आकृती मागे रेललेली आहे. पोट टम्म फुगलेले, त्वचा हिरवट-पिवळी, सर्वांगावर गळवे, आणि पाय बदकासारखे पडद्याचे. अनेक पुस्तकांत तिला मठातल्या रुग्णाचे चित्र ठरवले गेले आहे. काहींनी ‘संत अँथनीच्या आगी’चे (या रोगाविषयी पुढच्या प्रश्नात लिहिले आहे) निदान केले, तर काहींनी त्या काळी युरोपात नव्याने पसरलेल्या उपदंशाचे.

माझे मत असे की अशी निदाने जपून करावीत. त्या ‘आगी’त हातापायांची बोटे काळी पडून वाळतात आणि गळून पडतात, येथे मात्र पू भरलेली गळवे आहेत. शिवाय पडद्याचे पाय कोणत्याच वैद्यकीय पुस्तकात बसत नाहीत. चित्रकाराने रोगाची खूण आणि भुताची खूण एकाच देहावर मुद्दाम ठेवली, एवढे मात्र खात्रीने म्हणता येते. वेदनेने तळमळणारा माणूस वर पाहतो आहे आणि त्याला बाकीच्या भुतांत जाऊन मिसळायचे आहे की त्यांच्यापासून सुटायचे आहे, हे चित्र सांगत नाही.

‘संत अँथनीची आग’ हा कोणता रोग? बाजरीवरचा अरगट तोच का?

राय नावाच्या धान्याच्या कणसावर क्लॅव्हिसेप्स पर्प्युरिया ही बुरशी वाढते आणि दाण्याच्या जागी काळसर जांभळी, कोंबड्याच्या नखीसारखी वाकडी गाठ तयार होते. पीठ दळताना ती धान्याबरोबर दळली जाते. तिच्यातील विषामुळे रक्तवाहिन्या आकसतात. हातपाय आधी जळल्यासारखे होतात, मग बधिर होतात, काळे पडतात आणि सांध्यापासून तुटतात. दुसऱ्या प्रकारात झटके आणि भ्रम होतात. ओल्या, थंड हंगामानंतर, जुने धान्य संपून गरिबांना मिळेल ते पीठ खावे लागे तेव्हा साथ येत असे. कारण धान्यात आहे हे फ्रान्समध्ये सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात लक्षात आले. म्हणजे हे चित्र रंगवले गेले तेव्हा ते कोणालाही ठाऊक नव्हते.

बाजरीवरचा अरगट हा याच बुरशीचा भाऊबंद आहे, पण जात वेगळी: क्लॅव्हिसेप्स फ्युसिफॉर्मिस. कणसावर मधासारखा चिकट थेंब सुटतो, तो आपल्याकडच्या शेतकऱ्यांना चांगला परिचित आहे. अशी बाजरी खाल्ल्याने मळमळ, ओकाऱ्या, चक्कर व गुंगी येते, मात्र हातपाय झडत नाहीत. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात तत्कालीन मुंबई राज्यात आणि १९७५ मध्ये राजस्थानात अशा विषबाधेच्या घटना घडल्या होत्या. पेरणीपूर्वी १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून त्यात बियाणे बुडवायचे, वर तरंगणारे हलके बी काढून जाळायचे आणि तळाचे स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे, हा सल्ला कृषी अधिकारी आजही देतात.

मग चित्रकाराने ही भुते याच बुरशीच्या नशेत पाहिली का?

तसा कोणताही पुरावा नाही. ही कल्पना लोकप्रिय होण्याचे कारण असे की एलएसडी हा भ्रम घडवणारा पदार्थ याच बुरशीतील द्रव्यापासून १९३८ मध्ये बाझल येथे प्रथम तयार झाला, आणि बाझल कोलमारपासून रेल्वेने तासाभराच्या आत आहे. योगायोग गमतीदार आहे, त्यापलीकडे त्यात काही नाही. प्रत्येक खवला ज्या संयमाने रंगवला आहे, तो संयम नशेत राहत नाही.

मठात रुग्णांवर काय उपचार होत?

हा मठ ज्या अँथनाइट संघाचा होता, तो ११ व्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सच्या आग्नेय भागात, जेथे संत अँथनींचे अवशेष ठेवले होते तेथे सुरू झाला. संघाचे बंधू काळ्या झग्यावर निळा, इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा क्रूस लावत. दारी आलेल्या माणसाला खरोखर हाच रोग आहे का, हे आधी तपासले जाई. दाखल झालेल्याला चांगल्या गव्हाची भाकरी, डुकराचे मांस आणि द्राक्षारस मिळे. संतांच्या अवशेषांवरून ओतलेला द्राक्षारस विशेष औषध म्हणून दिला जाई, आणि जखमांवर चरबी व वनस्पती मिसळून केलेला मलम लावत. अवयव पूर्ण गेलेला असेल तर शस्त्रवैद्य तो कापून काढत.

यातला खरा उपचार बहुधा भाकरीच होता. विषारी पीठ पोटात जाणे थांबले की रोग पुढे सरकत नसे, आणि रुग्णाला वाटे की संताने तारले. त्या भेटीच्या फलकात तपस्व्यांच्या पायाशी वनस्पती रंगवल्या आहेत आणि त्यांतल्या काही, उदाहरणार्थ प्लँटेन ही पानांची वनस्पती, जखमांवर वापरल्या जात. वरून एक कावळा चोचीत भाकरी घेऊन उतरतो आहे. भाकरीने बाधलेल्या माणसांना ती स्वर्गातून उतरताना काय वाटत असेल, हा विचार मनातून जात नाही.

क्रूसावरच्या ख्रिस्ताचे शरीर इतके भयाण का रंगवले आहे?

मधला क्रूसाचा फलक सुमारे २६९ सेंटिमीटर उंच व ३०७ सेंटिमीटर रुंद आहे. पार्श्वभूमी काळोखी आहे. त्वचा हिरवट-करडी, तिच्यात सर्वत्र काट्यांची टोके मोडून राहिलेली, हातांची बोटे ताठ पसरलेली, आणि क्रूसाची आडवी तुळई भाराने धनुष्यासारखी वाकलेली. डावीकडे शुभ्र वस्त्रातील मरिया शिष्य योहानाच्या हातांत कोसळते आहे. उजवीकडे बाप्तिस्मा करणारा योहान बोट दाखवत उभा आहे, वास्तविक त्याचा शिरच्छेद या घटनेपूर्वीच झाला होता. त्याच्या बोटाजवळ ‘त्याची वृद्धी व्हावी व माझा ऱ्हास व्हावा’ या अर्थाचे शुभवर्तमानातील वचन लिहिले आहे. हे सगळे पाहणाऱ्यांच्या त्वचेवरही फोड आणि जखमा होत्या. सुंदर, गोरापान, रेखीव देह त्यांच्या कामाचा नव्हता.

येथे एक चतुर तपशील आहे. क्रूस बरोबर मध्यावर नसून किंचित उजवीकडे आहे, त्यामुळे दारे उघडताना फट शरीरातून न जाता ख्रिस्ताच्या उजव्या हाताजवळून जाते आणि तो हात धडापासून वेगळा होतो. खालच्या पट्टीचे दोन भाग सरकवले की मृतदेहाचे पाय तसेच तुटतात. काही अभ्यासक म्हणतात की हातपाय गमावलेल्या रुग्णांना यात आपला देह दिसला असेल. चित्रकाराच्या मनात हे होते असे सिद्ध करता येणार नाही, तरी उत्सवाच्या दिवशी दारे उघडली जात तेव्हा समोर बसलेल्या थोट्या माणसाच्या नजरेतून हे सुटले असेल असे मला वाटत नाही. आतल्या पुनरुत्थानाच्या फलकात तोच देह उजळ, नितळ होऊन वर जातो, पण हातापायांच्या जखमा तेथेही ठेवलेल्या आहेत.

संत सेबॅस्टियन येथे कशासाठी? ते बाणांनी मेले ना?

नाही, आणि ही चूक सर्रास होते. आख्यायिकेनुसार बाण लागल्यानंतर आयरीन नावाच्या विधवेने त्यांची शुश्रूषा केली व ते बरे झाले. नंतर पुन्हा सम्राटासमोर उभे राहिल्यावर त्यांना सोट्यांनी मारण्यात आले. अचानक कोसळणाऱ्या प्लेगची तुलना बाणांशी केली जात असे, म्हणून बाण सोसूनही वाचलेला हा संत प्लेगविरुद्धचा रक्षक झाला. समोरच्या फलकातले संत अँथनी शांत उभे आहेत, आणि त्यांच्या मागे गोल काचांच्या खिडकीतून एक लहानसे भूत काच फोडून आत फुंकर मारते आहे. पहिल्या नजरेत ते दिसत नाही. दिसले की पुढे नजर तेथेच जाते.

इतर वेदीचित्रांत यातना सोसणारे संत इतके निर्विकार का असतात?

बेल्जियममधील ल्यूव्हनच्या संत पीटर चर्चमध्ये डिर्क बाउट्स याने पंधराव्या शतकात काढलेले संत इरॅस्मस यांच्या हौतात्म्याचे चित्र आजही आहे. त्यात त्यांची आतडी रहाटावर गुंडाळून बाहेर काढली जात आहेत, रक्त जवळजवळ नाही, आणि भोवतालची माणसे एखादे नेहमीचे काम पाहावे तशी पाहत आहेत. हा निर्विकारपणा म्हणजे चित्रकाराची कमतरता नव्हे. हुतात्म्याचे मन देहाच्या यातनेपलीकडे गेले आहे, ही श्रद्धा तसे रंगवायला सांगत असे. त्याच श्रद्धेतून यातनेचे हत्यार संताची ओळखखूण बनले: संत लुसी डोळे तबकात घेऊन उभ्या राहतात, संत बार्थोलोम्यू स्वतःची सोललेली कातडी हातावर टाकून, संत अपोलोनिया चिमट्यात दात धरून. माथिसचे संत अँथनी मात्र तोंड उघडून ओरडत आहेत.

भुतांची रूपे चित्रकारांना कोठून सुचत?

बरीचशी एकमेकांकडून. कोलमारच्याच मार्टिन शोनगाउअरने १४७० च्या दशकात संत अँथनींना हवेत ओढणाऱ्या भुतांचे एक कोरीव मुद्राचित्र केले. ते छापील असल्यामुळे आल्प्सपलीकडे पोचले, आणि कोवळ्या वयाच्या मायकेलअँजेलोने त्यावरून रंगचित्र केल्याचे त्याच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. खवले नीट जमावेत म्हणून तो मासळी बाजारात गेला होता. ते चित्र म्हणून ओळखला जाणारा फलक आज अमेरिकेतील फोर्टवर्थच्या किंबेल संग्रहालयात आहे. दुसरीकडे, मिखाएल पाखरने काढलेल्या एका वेदीचित्रात हिरव्या सैतानाच्या पार्श्वभागावर दुसरे तोंड आहे, आणि तो संतापुढे अदबीने पुस्तक धरून उभा आहे. नाटकातली सोंगे, चर्चच्या भिंतींवरची शिल्पे, प्रवचने यांचाही हातभार असणारच.

गोव्यातले सांत आंतोन तेच का?

नाहीत. गोव्यात, वसईत आणि मुंबईच्या जुन्या गावठाणांत ज्यांची नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) होते ते पादुआचे संत अँथनी, १३ व्या शतकातले फ्रान्सिस्कन संघाचे साधू. त्यांच्या हातावर बाळ येशू असतो आणि सण १३ जूनला येतो. शिवोलीच्या चर्चमध्ये त्यांच्या हातातल्या दोरीला साप बांधलेला आहे, तेथेही ते पादुआचेच. इजिप्तच्या संत अँथनींचा सण १७ जानेवारीला. त्यांच्याजवळ काठी, घंटा आणि पायाशी डुक्कर असते, कारण अँथनाइटांची डुकरे गळ्यात घंटा बांधून गावात मोकळी चरत.

हौतात्म्याची वेदी जवळच पाहायची असेल, तर जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलमधील मुख्य वेदी पाहावी. ती अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरीन यांची आहे, कारण १५१० मध्ये त्यांच्या सणादिवशी, २५ नोव्हेंबरला, पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने शहर घेतले. सोन्याच्या मुलाम्यातील फलकांवर त्यांचे जीवन व हौतात्म्य कोरलेले आहे. तेथे यातना आहेत, पण भोवतीच्या सोन्यापुढे त्यांच्याकडे लक्ष जायला वेळ लागतो.

इझेनहाइमचे वेदीचित्र आज कोठे पाहता येते?

कोलमारच्या उंटरलिंडेन संग्रहालयात. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात ते मठातून या शहरात आणले गेले. पहिल्या महायुद्धात काही काळ म्युनिकमध्ये होते. संग्रहालय १३ व्या शतकातील डॉमिनिकन जोगिणींच्या (नन्सच्या) मठात आहे. फलक सुटे करून एकामागे एक उभे केले आहेत, त्यामुळे सगळ्या अवस्था एकाच फेरीत दिसतात, आणि दारे कशी उघडत हे दाखवणारी छोटी प्रतिकृती जवळच आहे. ती आधी पाहून घ्यावी. २०१८ ते २०२२ या काळात जुने पिवळे पडलेले वॉर्निश पातळ करून फलकांची व मूर्तींची दुरुस्ती झाली, म्हणून त्यापूर्वीच्या पुस्तकांतील छायाचित्रांवरून रंगांचा अंदाज बांधू नये. स्ट्रासबुर्गहून रेल्वेने सुमारे अर्धा तास लागतो. भुतांच्या फलकासमोर गर्दी असते. खुंटावरचा तो कागद खालच्या उजव्या कोपऱ्यात आहे, त्यासाठी थोडे वाकावे लागते.